स्वच्छ डबी

१

रुग्णालयातून आप्पांच्या सामानाची पिशवी घरी आली, तेव्हा तिच्यात नसायला हवी अशी एकच वस्तू होती. चष्मा, दाढीचं सामान, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, लोकरीची टोपी. आणि त्या टोपीत गुंडाळलेली, तळहातात मावेल अशी पत्र्याची गोल डबी.

त्यांच्या थोरल्या लेकीने, थोरलीने, झाकण उघडलं. आत काळपट, ओलसर तंबाखू होती. निम्मी संपलेली.

आजार कळला त्याच दिवशी आप्पांनी तंबाखू सोडली, असं घरात सगळे धरून चालले होते. रक्ताचा कर्करोग होता. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या, तोंड फोडांनी भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना समोर उभं करून बजावलं होतं, की यांच्या तोंडात जाईल ते शिजलेलं किंवा उकळलेलंच हवं, फळाची फोडसुद्धा कच्ची चालणार नाही. तो नियम आईने अक्षरशः पाळला. चमचे उकळले, पाणी उकळलं, डब्याची झाकणं उकळली. आणि तरीही एका संध्याकाळी आप्पांना हुडहुडी भरली आणि सकाळी ते नव्हते. रक्तात जंतू सापडल्याचा अहवाल त्यांच्यामागून आला.

"काय आहे ते?" आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

थोरलीने डबी दाखवली.

आई जवळ आली नाही. पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. "धाकट्याने आणून दिली. मी पकडलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? तू आधीच सगळ्यांवर डाफरत होतीस." मग आवाज न चढवता ती म्हणाली, "त्याने बापाच्या तोंडात घाण घातली. जा, विचार त्याला. आणि विचारून झालं की सांग, मी जिवंत आहे तोवर या घरात पाऊल टाकू नकोस म्हणावं."

२

थोरली शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत होती. नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी काचेच्या ताटलीत वाढवायचं आणि त्यातून कोण उगवतं ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे डॉक्टरीणबाईंना तिच्याशी बोलताना शब्द सोपे करावे लागले नाहीत.

"काडीसारखा जंतू," त्या म्हणाल्या. "मातीत असतो, धान्यावर असतो, वाळलेल्या पानावर असतो. तुमच्याआमच्या पोटात रोज जातो आणि निमूट निघून जातो. तुमच्या वडिलांकडे त्याला अडवायला कोणीच शिल्लक नव्हतं."

"इथून गेला असेल का? सलाईनमधून?"

"पहिला संशय आम्हालाही तोच आला. नळ्या तपासल्या, बाटल्या तपासल्या. त्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. घरून काय येत होतं?"

"आईचा डबा. शिजलेलं, वाफाळतं."

"मग अजून काय?"

थोरलीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं.

"लोक तंबाखूतल्या विषाला भितात," त्या म्हणाल्या. "त्यात जिवंत काही असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. पानं वाळतात, रचली जातात, मुरतात. प्रत्येक पायरीवर जंतू असतात, काही तर तिथेच वाढतात. धडधाकट माणसाला त्यातून एका रात्रीत काही होत नाही. पण तोंडात फोड असले, तर तो प्रत्येक फोड म्हणजे उघडं दार."

"म्हणजे यातूनच?"

"वाढवून बघा. आमच्याकडचा नमुना राखून ठेवलाय, ताडून बघू." त्यांनी मान वर केली. "एक विचारू? कोणी दिली हे कळून तुम्हाला काय मिळणार आहे?"

"माझा भाऊ घरात येईल, नाहीतर कायमचा जाईल," थोरली म्हणाली. "सध्या तो दारात उभा आहे."

३

धाकटा सामान पोचवायची गाडी चालवायचा. एका गोदामाबाहेर खोकी उतरेपर्यंत तो चाकामागे बसून होता. थोरली शेजारी जाऊन बसली आणि डबी काढून दोघांच्या मध्ये ठेवली.

त्याने एकदा बघितलं. "हो. मीच."

"मी अजून काही विचारलं नाही."

"तू काय, बिस्किटांचा भाव विचारायला आलीस का?" तो हसायला गेला, जमलं नाही. "ताई, त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं गं. मला म्हणाले, अरे, मी आयुष्यभर लोकांची कुलपं उघडून दिली, आणि तुम्ही सगळे मिळून माझ्याच तोंडाला कुलूप लावताय? काय सांगणार होतो मी त्यांना?"

"नाही म्हणायचं होतंस."

"तू म्हणाली असतीस. म्हणूनच त्यांनी तुला नाही विचारलं."

गोदामाच्या दारात कुणीतरी कुणाला हळू ठेव, हळू ठेव म्हणून ओरडत होतं.

"किती वेळा दिलीस?"

"एकदाच. त्यांच्या दुकानातून त्यांचीच डबी नेली, एक पुडी फोडली, निम्मी त्यात ओतली. उरलेली इथेच पडलीय." त्याने समोरच्या कप्प्यातून चुरगळलेली पुडी काढली. "दुसऱ्याच दिवशी आईने पकडलं. मला जिन्यात गाठून असं काही बोलली, की मी परत गेलोच नाही. ते गेले तेव्हा मी दुसऱ्या गावात खोकी उतरवत होतो."

थोरलीने पुडी घेतली. मग डबी उघडून त्याच्यापुढे धरली. "हीच का?"

धाकट्याने बोट बुडवलं, चिमूट चोळली आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा चोळली.

"डबी त्यांचीच आहे," तो म्हणाला. "पण ही ओली कशी? मी दिली ती कोरडी होती, ताई. पुडीतली बघ. फुंकर मारली तर उडेल."

४

आप्पांच्या त्या डबीपर्यंत पोचेल असं घराबाहेरचं एकच माणूस होतं. कुलपांच्या दुकानातला त्यांचा भागीदार.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर किल्ल्या लटकलेल्या, बाकावर एक तिजोरी पोट उघडून पडलेली. भागीदार तिच्या आत कोपरापर्यंत हात घालून बसला होता आणि त्याच्या गालात चिमूट होती. आप्पाही असेच बसायचे. दोन्ही हात कुलपात अडकलेले, विडी धरायची कशाने? म्हणून या धंद्यात सगळे तंबाखू गालात ठेवणारे, असं ते म्हणायचे.

"काका, तुम्ही त्यांना भेटायला जायचात."

"जायचो. बहुतेक वेळा तिथली सिस्टर मला हाकलायची आणि मी जिन्यात बसून परत यायचो."

"तंबाखू दिलीत कधी?"

भागीदाराने हात बाहेर काढले, चिंधीला पुसले. "पोरी, तू मला चोर ठरवायला आलीस होय? बस. उभ्याने आरोप करू नये माणसाने." त्याने स्टूल पुढे सरकवलं. "नाही दिली. एकदा आत सोडलं, तेव्हा मागितली त्याने. म्हणाला, तुझ्यातली दे रे थोडी, माझ्या या तंबाखूत दमच राहिला नाही, गवत चघळल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुझी जीभ गेलीय औषधांनी, माझी कशाला फुकट घालवू? हसला. तेच शेवटचं बोलणं आमचं." तो तिजोरीकडे बघत राहिला. "द्यायला हवी होती. चिमूटभराचा चिक्कूपणा केला मी."

थोरलीने डबी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात फिरवली, कडेवरचा पोचा अंगठ्याने चाचपला.

"ही त्याचीच. हा पोचा माझ्यासमोर पडलाय. पण हिला काय केलं तुम्ही? ग्रीसच्या बोटांनी उघडायचा तो. इतकं ग्रीस साचलं होतं हिच्यावर, की वरचा छापील कागदसुद्धा त्या ग्रीसवर तगून होता. कागद कुठाय?"

कागद नव्हता. डबी आतून-बाहेरून, खाचेतसुद्धा, नव्यासारखी लख्ख होती.

"आम्ही काही नाही केलं," थोरली म्हणाली, आणि तिला जाणवलं की 'आम्ही' म्हणताना तिने नीट विचार केला नव्हता.

५

तिने दोन ताटल्या लावल्या. एकीत पुडीतली कोरडी तंबाखू, दुसरीत डबीतली ओली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने झाकणं उचलली. पुडीच्या ताटलीत नुसती जत्रा भरली होती. पिवळे ठिपके, पांढरे, गुलाबी, एक बुरशीचा पुंजका, एक चिकट पसरलेला डाग. शंभर प्रकारचे, पण प्रत्येकातले थोडेथोडे. काडीसारखा तो जंतू त्यातही होता. शोधावा लागला, गर्दीत हरवलेल्या माणसासारखा.

डबीच्या ताटलीत गर्दी नव्हती. कडेला एखाददुसरा ठिपका सोडला तर सगळीकडे तोच एकटा, साय धरावी तसा पसरलेला. रुग्णालयातून आलेल्या नमुन्याशी ताडला, तर दोन्ही एकमेकांचे जुळे भाऊ.

आता तंबाखू एकच, पुडी एकच. मग एका ताटलीत शंभर जण आणि दुसरीत एकच, असं कसं? बाकीचे गेले कुठे? धाकट्याने विष कालवलं असतं, तर भर पडली असती. इथे तर वजाबाकी झाली होती. इतक्या घाणेरड्या वस्तूत एवढी शिस्त तिने कधी बघितली नव्हती.

उत्तर सापडेना, म्हणून तिने रोजचं काम हातात घेतलं. एका विहिरीच्या पाण्याची चाचणी बाकी होती. नळ्या भरल्या, स्टँडमध्ये लावल्या, गरम पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं. ही चाचणी ती नोकरीला लागल्यापासून करत आली होती. काही जंतू संकट आलं की अंगाभोवती कवच करून झोपून जातात. तेवढेच मोजायचे असतील तर नमुना आधी चांगला तापवायचा. नाजूक असतात ते सगळे मरतात. कवचवाले मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने त्यांची झोप मोडते, आणि समोर ओल आणि ऊब असली, जागेसाठी भांडायला दुसरं कोणी नसलं, की ते वाढत सुटतात.

नळ्यांचा स्टँड टाकीवर धरलेला तिचा हात तसाच राहिला.

ही पायरी कुणीतरी तिच्याआधी करून ठेवली होती.

६

"चल, सांग," धाकटा म्हणाला. त्याने गाडी नदीकाठी एका कारखान्याच्या भिंतीशी उभी केली होती. "तुझं तोंड बघूनच मला कळतंय."

"तू दिलीस ती कोरडी होती. त्यात तो जंतू होता, पण बाकीच्यांच्या गर्दीत, झोपलेला. डबीतली ओली होती आणि त्यात तो एकटाच होता, जागा झालेला. म्हणजे मधे कुणीतरी ती तापवली. नुसती तव्यावर तापवली असती तर ओली झाली नसती. पाण्यात उकळली असती तर चिखल झाला असता. वाफवली, फडक्यात बांधून. म्हणून आप्पांना तिच्यात दम वाटेना, वास आणि तिखटपणा वाफेबरोबर गेला. डबीसुद्धा उकळली, म्हणून ग्रीस गेलं, कागद गेला. मग ती ओली तंबाखू झाकण लावून गरम डब्याच्या पिशवीतून तिथे पोचली आणि लोकरीच्या टोपीत, उशाशी राहिली. आम्ही प्रयोगशाळेत जंतूंना यापेक्षा जास्त लाडाने ठेवत नाही."

धाकटा काचेतून समोरच्या विटा बघत होता.

"तंबाखू कोण स्वच्छ करतं, सांग," थोरली म्हणाली. "तू करशील? काका करतील? द्वेषाने कोणी करेल?"

"बस कर."

"तोंडात जाईल ते शिजवलेलंच हवं, हे अक्षरशः कोणी पाळलं होतं?"

"बस कर म्हटलं ना." त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं. तो म्हणाला, "माझ्या कच्च्या तंबाखूनेही झालं असतं का?"

"झालं असतं कदाचित. नसतंही झालं. शपथेवर कोणालाच सांगता येणार नाही. पण माझ्या ताटलीत जे दिसलं ते दिसलं."

"मग तिला सांगू नकोस."

"ती तुला खुनी म्हणते. शेजारच्या बाईंना सांगितलंय तिने."

"म्हणू दे. माझ्यावर चिडायला म्हणून सकाळी उठते ती. दुसरं काय उरलंय तिला?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "मला बाहेर राहता येतं, ताई. माझी नोकरीच बाहेर राहायची आहे. तिला तिच्या स्वयंपाकघराबाहेर कुठे राहता येतं?"

थोरलीने त्याला वचन दिलं नाही. पण घरी पोचेपर्यंत तिने एक बरीशी गोष्ट मनाशी जुळवली: दोष कुणाचाच नाही, आजारच तसा होता, जंतू कुठून आला ते कळण्यापलीकडचं आहे. त्यात धाकटाही सुटत होता आणि आईही. ही गोष्ट खोटी होती, आणि ती नीट सांगता येईल असं तिला खरोखर वाटलं.

७

आई भांडी पुसत होती. थोरली टेबलाशी बसली.

"झाली तपासणी?"

"झाली. आई, धाकट्याचा यात दोष नाही. कशानेही होऊ शकलं असतं. त्या आजारात—"

"त्याची बाजू घेऊ नकोस." आईने फडकं खांद्यावर टाकलं. "तो तुझ्याकडे रडला असेल."

"नाही रडला."

आई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. तिने घसा साफ केला, टेबलावरचा न दिसणारा कण वेचला, आणि मग लहान मुलीने काही चांगलं केलेलं हळूच सांगावं तशा आवाजात बोलायला लागली.

"तुला एक सांगितलं नाही मी. तू ओरडशील म्हणून. त्याची डबी मी काढून घेतली होती. घरी आणली, टाकूनच देणार होते. पण काढून घेताना तुझ्या आप्पांनी हात धरला होता माझा. तेवढी राहू दे, म्हणाले. ते कधी काही मागायचे नाहीत, तुला माहीत आहे. मग मी ती फडक्यात बांधून चांगली वाफवली. डबी घासली, उकळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं सगळं केलं. आणि नेऊन दिली." तिने वर बघितलं. "तू डबीतलीच तपासलीस ना? त्यात काही नव्हतं ना? निदान माझ्या हातची तरी स्वच्छ होती ना गं?"

थोरलीने जुळवलेली गोष्ट या प्रश्नाला पुरणारी नव्हती. तपासलीच नाही, म्हणता आलं नसतं. तपासणी झाली, हे तिने आत्ताच सांगितलं होतं. राहिले दोनच शब्द, हो किंवा नाही. हो म्हटलं तर आई आज रात्री झोपली असती. मग घाण धाकट्याचीच ठरत होती, आणि ती पुसून काढायला नंतर कोणतीही ताटली उपयोगी पडणार नव्हती.

आई वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि आप्पा गेल्यापासून थोरलीने ती पहिल्यांदाच पाहिली.

"नाही, आई," थोरली म्हणाली.

"काय नाही?"

"स्वच्छ नव्हती."

थोरली बोलत गेली, वाफेने काय मरतं, काय मरत नाही, आणि हे कोणत्याही घरातल्या बाईला माहीत असायचं कारण नाही, शिकलेल्यांनाही नसतं. आईची नजर तिच्या ओठांवर होती, पण ती ऐकत होती का, कळत नव्हतं. सगळं संपल्यावर ती उठली. उरलेली दोन भांडी पुसून जागेवर ठेवली.

"त्याला बोलव," ती म्हणाली. "म्हणावं, चुकलं माझं." आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

धाकटा आला. बंद दाराशी उभा राहून त्याने बऱ्याच हाका मारल्या. आई बाहेर आली ती संध्याकाळी, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून परत आत गेली. हात फिरवतानासुद्धा तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर तिने चूल पेटवली नाही. कुणी केलेलं पुढ्यात आणून ठेवलं तर चार घास खायची, पण कुणाला स्वतःच्या हाताने काही वाढायची नाही. थोरलीने एकदा पाण्याचा पेला मागितला. आई जागची हलली नाही. "तूच घे," म्हणाली, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

धाकटा आता घरातच झोपत होता. सकाळी लवकर उठून तो तिघांपुरता चहा करायचा. एका सकाळी थोरली स्वयंपाकघरात आली तेव्हा तो ओट्याशी पाठमोरा उभा होता आणि आईचा कप आदल्या दिवशीसारखाच भरलेला परत आला होता. ती आल्याचं त्याला कळलं. त्याने वळून बघितलं नाही.

"मी बाहेरच बरा होतो, ताई," तो म्हणाला.